बांधापलीकडचे डेंगळे: शेजाराचा परिणाम किती लांब पोचतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. येत्या रब्बीत एक एकर डेंगळे, म्हणजे बियाण्यासाठी फुलावर आणायचा कांदा, लावून घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, तयार करायचं आहे. बांधाला बांध लागून चुलत्यांचं शेत आहे. त्यांनीही डेंगळ्यांसाठी कांदा राखलाय, पण वाण वेगळा. पाचशे मीटर अंतर ठेवा असं तुम्हाला सांगितलं गेलं, आणि एवढी मोकळी जागा गावात कुणाकडेच नाही. वर चुलते तुमचं ऐकत नाहीत. ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्याचं मात्र लगेच ऐकतात. शेवटी तुम्ही विचारलंय, की जवळ असल्यामुळे एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो तो नेमका कशाने, आणि किती अंतरापर्यंत?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बीजोत्पादन आणि कृषी विस्तार या दोन कामांत माझी उमेदीची वर्षं गेली. एकीकडे बियाणं शुद्ध राखायचं, दुसरीकडे नवी माहिती शेतकऱ्यापर्यंत पोचवायची. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: दोन शेतांमधलं किंवा दोन माणसांमधलं अंतर टेपने मोजून फारसं काही कळत नाही. मधून काय ये-जा करतं आणि ते कशाबरोबर येतं, हे आधी बघावं लागतं. वाहून नेणारा बदलला की 'जवळ' कशाला म्हणायचं तेही बदलतं.

बीज प्रमाणीकरणात, म्हणजे बियाणं शुद्ध असल्याचा दाखला देताना, प्रत्येक पिकाला विलगीकरण अंतर ठरवून दिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या वाणाचं शेत किमान इतकं लांब हवं. भात, गहू, सोयाबीन यांना ३ मीटर. संकरित मक्याच्या प्रमाणित बियाण्याला २०० मीटर. कांद्याच्या प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, आणि ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार होतं त्या पायाभूत बियाण्याला १००० मीटर. गाव तेच, वारा तोच, बांध तोच. तरी एका पिकाला तीन पावलं पुरतात आणि दुसऱ्याला अख्खं शिवार लागतं. गव्हाचं फूल उघडण्याआधीच बहुतेक वेळा आतल्या आत फळून जातं, बाहेरच्या परागकणाला संधीच मिळत नाही. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. कांद्याचा पराग माशीच्या अंगावर बसून जातो.

गव्हाचाच एक बारकावा सांगतो, कारण माझं म्हणणं त्यात पुरतं येतं. शेजारच्या गव्हात काणी या बुरशीच्या रोगाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तेच ३ मीटरचं अंतर एकदम १५० मीटर होतं. पीक बदललं नाही, शेजारी बदलला नाही. फक्त परागकणाऐवजी आता काणीच्या बीजाणूंचा विचार करायचा आहे, आणि ते वाऱ्याने उडतात. फुलोऱ्यात ते निरोगी ओंबीवर पडतात, दाण्याच्या आत शिरून बसतात आणि पुढच्या वर्षी ते बी पेरल्यावर काळ्या ओंब्या दिसतात. यंदाच्या शेजाराचा परिणाम पुढच्या हंगामात समोर येतो. बियाण्याच्या बाबतीत असं नेहमीच होतं, आणि म्हणून शेतकरी फसतो. डेंगळे उभे असताना सगळं छान दिसतं. भेसळ कळते ती पुढच्या वर्षी कांदा पोसल्यावर.

आता तुमच्या कांद्याकडे येऊ. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या सहसा कामी येत नाही. दुसऱ्या फुलावरून तो आणावा लागतो. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. माशी त्याच गोंड्यावर फिरून पराग आणेल, शेजारच्या गोंड्यावरून आणेल किंवा चुलत्यांच्या शेतातून आणेल. तिला वाणाशी देणंघेणं नाही. मधमाशी एका फेरीत बहुतेक एकाच जातीच्या फुलांवर राहते, कांद्यावर निघाली की कांद्यावरच, हे खरं. पण तिच्या दृष्टीने तुमचा आणि चुलत्यांचा कांदा एकच. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. डेंगळ्यांत वाणसुद्धा लागतो.

सातेरी माशी पोळ्यापासून साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत चरायला जाते, युरोपीय मधमाशी मेलिफेरा दोन-तीन किलोमीटरपर्यंत, आग्या माशी त्याहून लांब. मग पाचशे मीटरने काय साधतं, असं तुम्ही विचाराल आणि ते बरोबरच आहे. पाचशे मीटर ही भिंत नव्हे. पण माशी पोळ्यापासून किती लांब जाते हे एक, आणि फुलावर पोचल्यावर ती कशी हिंडते हे दुसरं. भरपूर फुललेल्या शेतात ती एका फुलावरून लगतच्या फुलावर, एका गोंड्यावरून शेजारच्या गोंड्यावर जाते. उगाच लांब उडत नाही. अंगावरचा परका पराग पहिल्या काही फुलांवरच झडतो, पुढच्या फुलांना तुमच्याच शेतातला मिळतो. त्यामुळे भेसळ बांधालगत सगळ्यात जास्त असते, पहिल्या काही ओळींतच ती झपाट्याने उतरते, आणि त्यानंतर अगदी थोडी का होईना, खूप लांबपर्यंत रेंगाळते. पाचशे मीटरवर ती चालवून घेण्याइतकी उरते, हजारावर आणखी कमी. पायाभूत बियाण्याला दुप्पट अंतर का, तर त्यातली चूक पुढच्या पिढीत कैक पटींनी पसरते.

मधमाशीची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं ते मुख्यतः मधमाशीचं नृत्य उलगडल्याबद्दल. चांगला फुलोरा सापडला की माशी पोळ्यात परत येऊन नाचते, आणि त्या नाचातून दिशा व अंतर बाकीच्या माश्यांना कळतं. ही बातमी अंधाऱ्या पोळ्यात तिच्या अंगाला खेटून चालणाऱ्या माश्यांनाच कळते. शेजारच्या झाडावरच्या दुसऱ्या पोळ्याला त्यातलं काही समजत नाही. शेत दोन किलोमीटरवर असलं तरी चालतं, पण बातमी देणारी आणि घेणारी एकमेकींच्या स्पर्शात लागतात. पुढे माणसांबद्दल जे सांगणार आहे त्याच्याशी हे फार जुळतं.

जमिनीखाली हीच मापं मिलिमीटरवर येतात. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जवळजवळ हलतच नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर चुन्याशी बांधला जाऊन जागच्या जागी बसतो. मुळाच्या अगदी लगत पडलेला स्फुरद पिकाला मिळतो, बोटभर लांब पडलेला मूळ तिथवर पोचेपर्यंत असून नसल्यासारखा. नत्राचं उलट, तो पाण्याबरोबर वाहतो. म्हणून स्फुरद फेकू नका, दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं पेरणाऱ्या अवजाराने) बियाच्या बाजूला आणि थोडा खाली पडेल असा पेरून द्या, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. एकाच पोत्यातल्या दोन अन्नद्रव्यांचा 'शेजार' वेगळा असतो.

विहिरींचं आणखी वेगळं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट खडकावर आहे आणि या खडकात पाणी भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या मुरमात राहतं. दोन बोअर एकमेकांपासून शंभर फुटांवर असूनही एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि शिवाराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पंप चालू केला की तुमच्या विहिरीची पातळी उतरते, असं होतं ते यामुळे. भेग जिथून जाते तिथला शेजारी खरा शेजारी. पण कायद्याला प्रत्येक भेग शोधत बसता येत नाही, त्यामुळे १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला मनाई केली. डेंगळ्यांचे पाचशे मीटर आणि विहिरीचे पाचशे मीटर, आकडा सारखा पडला हा योगायोग. दोन्ही ठिकाणी तो व्यवहारासाठी ठरवलेला आकडा आहे, निसर्ग काही पाचशे मीटरवर थांबत नाही.

कपाशीच्या गुलाबी बोंडअळीबद्दल इथे दोनच वाक्यं. २०१७ च्या हंगामात विदर्भात आणि मराठवाड्यात तिने जो कहर केला त्यामागे अळीत आलेली प्रतिकारशक्ती होती, आणि फरदड राखण्याची, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याची, सवयही होती. एकाने फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाट्या उभ्या ठेवल्या की त्या बोंडांतली अळी आजूबाजूच्या सगळ्यांच्या पुढच्या हंगामाची सोय करून ठेवते, आणि जिनिंगच्या आवारातल्या सरकीतून निघालेले पतंग जवळच्या शेतांत पहिले पोचतात.

आता माणसांकडे. तुमची खरी अडचण तिथेच आहे आणि मलाही त्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचं बियाणं आलं. त्याचा फायदा उघड होता, तरी तिथल्या शेतकऱ्यांना ते पूर्णपणे घ्यायला दशकाहून अधिक काळ लागला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांना विचारून १९४३ साली जे मांडलं ते आजही कृषी विस्तार शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचावं लागतं. नव्या बियाण्याबद्दल बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते विक्रेत्याकडून. पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचं पीक बघून. आणि तरीही बहुतेकांनी पहिल्या वर्षी सगळं रान त्याखाली आणलं नाही. थोड्या तुकड्यावर लावून पाहिलं आणि दरवर्षी वाढवत नेलं.

दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, टॉर्स्टन हेगरस्ट्रांड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाने शेतीतल्या नव्या गोष्टी गावोगाव कशा पसरतात ते नकाशांवर मांडलं. ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. ज्यांनी आधी स्वीकारलं त्यांच्याभोवती घोळके होते, आणि प्रत्येक पुढच्या नकाशात ते घोळके कडेने वाढत गेलेले. कुठे नदी, जंगल किंवा वाईट रस्ता आडवा आला तर पसरणं तिथे अडलेलं. मला त्यांच्या कामात सगळ्यात पटतं ते हे, की अंतराचा अडथळा त्यांनी माणसांच्या भेटीगाठींतून मोजला. पाचशे मीटरवर राहणारा, पण रोज न भेटणारा माणूस लांबचा. तीन किलोमीटरवर राहणारा, पण रोज सकाळी दूध संकलन केंद्रावर भेटणारा जवळचा.

तुमच्या ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्याचं कोडं इथे उलगडतं. चुलते आणि तो कुठे भेटतात ते बघा. एकाच टेम्पोतून कांदा बाजार समितीत जातो का? एकाच पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आहेत का? लिलावाच्या रांगेत तासन्‌तास शेजारी शेजारी ट्रॅक्टर उभे असतात का? त्या तासांत जे बोलणं होतं त्याची बरोबरी कुठलंच चर्चासत्र करू शकत नाही. शिवाय त्याचा माल काय भावाने गेला हे चुलत्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तुम्ही सांगता तो सल्ला, तो दाखवतो ती पावती.

आपल्याकडच्या हरितक्रांतीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या आकडेवारीवर अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी १९९५ मध्ये केलेला अभ्यास आहे. सुधारित बियाण्याचा अनुभव असलेले शेजारी ज्याला लाभले, त्याला स्वतःलाही त्या बियाण्यातून जास्त नफा झाला. पण याच अभ्यासात दुसरी बाजूही दिसते: शेजारी करून बघेलच, मग मी कशाला धोका घेऊ, असं म्हणून लोक थांबून राहतात. दुसऱ्याच्या प्रयोगावर आपण शिकायचं, असं प्रत्येकाने ठरवलं तर पहिला प्रयोग करायला कुणीच उरत नाही. गावात एक-दोघे हौशी असतात, त्यांच्यावर हे ओझं पडतं. तो तोटा त्यांनी एकट्याने का सोसावा, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटला निविष्ठा (बी, खत, औषधं) मोफत देतात त्यामागचं खरं कारण हेच, आणि ते योग्यच आहे.

कैवन मुन्शी यांनी २००४ मध्ये याच काळाबद्दल आणखी एक फरक दाखवला. गव्हाच्या पट्ट्यातले शेतकरी शेजाऱ्यांकडे बघून नवं वाण पटापट घेत होते. भाताच्या पट्ट्यातले तसं करत नव्हते, स्वतःच्या शेतात करून बघण्यावर त्यांचा भर होता. भाताची त्या वेळची नवी वाणं जमीन, पाणी आणि हवामान यांच्या लहान फरकालाही संवेदनशील होती. शेजाऱ्याला साधलं म्हणून मला साधेल याची खात्री नव्हती. म्हणजे जवळ असूनही शेजाऱ्याचा अनुभव कामाला येत नाही असंही होतं, आणि अशा वेळी त्याचं न ऐकणारा शेतकरी हट्टी नसतो, शहाणा असतो. तुमची आणि चुलत्यांची जमीन एकाच वाटणीतली, पाणी एकाच विहिरीचं किंवा पाटाचं असेल, तर तुमच्याइतका एकमेकांना उपयोगी पडणारा शेजार दुसरा नाही. ओढ्यापलीकडे जमीन हलकी असेल तर तिथला सल्ला जसाच्या तसा चुलत्यांना चालणार नाही. हे मात्र तुम्ही त्यांना सौम्यपणे सांगू शकता.

आमच्या खात्यांनी जवळिकीचा हा धडा अर्धाच घेतला, असं माझं मत आहे. सत्तरच्या दशकापासून जागतिक बँकेच्या मदतीने 'प्रशिक्षण आणि भेट' योजना आली. दर पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी कृषी सहायकाने ठरलेल्या संपर्क शेतकऱ्यांना भेटायचं, आणि त्यांच्याकडून माहिती आपोआप गावात झिरपायची, अशी कल्पना. संपर्क शेतकरी निवडले गेले ते बहुतेक रस्त्यालगतचे, बागायती, घरी बसायला खुर्ची असलेले. म्हणजे आम्हाला जवळचे. गावातल्या दोन-तीन एकर कोरडवाहूवाल्याला तो माणूस शेजारी असूनही जवळचा नव्हता. त्याच्याकडे पाणी होतं, पत होती, एक हंगाम बुडाला तरी तो उभा राहणार होता. त्याला जमलं म्हणून मला जमेल, असं समोरच्याला वाटेल तरी कसं? पुढे शेतीशाळा आल्या, एकाच गावातले वीस-पंचवीस शेतकरी दर आठवड्या-पंधरवड्याला एकाच शेतात उतरून कीड मोजू लागले, तेव्हा यात खरी सुधारणा झाली. शेतीशाळांची सुरुवात १९८९ मध्ये इंडोनेशियातल्या भातशेतीत झाली आणि ती पद्धत आपल्याकडे चांगली रुजली, कारण त्यात सगळ्यांचे पाय एकाच चिखलात असतात.

आणि बायका. कांदा लागणीच्या टोळ्या गावभर, गावाबाहेरही फिरतात. दोन-अडीच महिन्यांत या बायका जितकी शेतं जवळून बघतात तितकी कुठलाच शेतकरी बघत नाही आणि कुठलाच अधिकारीही. कुणाचं उळं दाट उगवलं, कुणाच्या रोपाला मर लागली, कुणाच्या वाफ्यात जोड कांदे आणि अवेळी आलेले डेंगळे फार निघाले, हे त्यांना हाताने माहीत असतं. पुन्हा काढणीला त्याच जातात, तेव्हा लावलेल्या रोपाचं पुढे काय झालं तेही त्यांनाच दिसतं. फुलावरून फुलावर पराग नेणाऱ्या माशीचं काम माहितीच्या बाबतीत गावात या टोळ्या करतात. तरी वाणाबद्दल विचारायला त्यांच्याकडे कुणी जात नाही, याची मला मनापासून खंत आहे. तुम्ही जा. तुमच्या टोळीच्या मुकादम बाईंना विचारा, की गेल्या हंगामात एकसारखा, पातळ मानेचा कांदा कुणाच्या रानात होता. जे नाव येईल तिथलं उळं कुठून आलं होतं याचा माग काढा. फोनवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा हे उत्तर तुमच्या जमिनीला जास्त लागू पडेल. व्हिडिओ ऐकायला उपयोगी असतात, ठरवायला नव्हे. आयोवातल्या विक्रेत्याचं काम आज ते करतात.

चुलते पुतण्याचं का ऐकत नाहीत, याला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. अतिपरिचयात अवज्ञा. त्यांनी तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलंय. त्यांच्या लेखी तुम्ही अजून लहानच. त्यात वाटणी, बांध, पाण्याची पाळी यांतलं एखादं जुनं दुखणं असेल तर तुम्ही काढलेला शेतीचा विषयसुद्धा त्यांना हक्काचा विषय वाटतो. 'तुमचा वाण बदला' हे वाक्य बांधावरून आलं की त्याचा अर्थ 'तुम्हाला कळत नाही' असा होतो. ओढ्यापलीकडचा माणूस पुरेसा जवळ आहे आणि पुरेसा परकाही. भावकीत हे फार दिसतं.

तर आता काय करायचं. माझा सल्ला तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल: चुलत्यांचा वाण बदलायला जाऊ नका. आधी दोघांच्या राखलेल्या कांद्यांची तुलना करा आणि त्यांचा मूळ साठा जास्त शुद्ध असेल तर तुम्हीच त्यांचा वाण लावा. पाचशे मीटरची अट दुसऱ्या वाणाच्या शेतापासून, किंवा त्याच वाणाच्या पण अशुद्ध शेतापासून असते. दोन्ही बाजूंना एकच शुद्ध वाण असेल तर बांध हा प्रश्नच राहत नाही. उलट दोन शेतांचा मिळून एक मोठा प्लॉट होतो, परक्या परागाचा वाटा घटतो आणि माश्यांनाही चारा जवळच मिळतो. बीजग्राम ही कल्पना याच पायावर उभी आहे, आजूबाजूच्या सगळ्यांनी एकच वाण घ्यायचा. जवळिकीला टाळून जागा शोधत बसण्यापेक्षा तिलाच कामाला लावायचं.

दुसरं, तुम्हाला खरंच एक एकर लागतं का ते बघा. चांगल्या डेंगळ्यांतून हेक्टरी आठ ते दहा क्विंटल उळं निघतं, म्हणजे एकरी तीन-चार क्विंटल. रोप करून एक एकर कांदा लावायला तीन-चार किलो पुरतं. घरच्या चार-पाच एकरांसाठी दोन-तीन गुंठे डेंगळे झाले. तुमची आणि चुलत्यांची मिळून गरज पाच-सहा गुंठ्यांत भागेल. विकायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे नोंदणी करा आणि अंतराची अट काटेकोर पाळा. पण घरचंच करायचं असेल तर दोघांनी मिळून एकच तुकडा निवडा, गावातल्या बाकीच्या डेंगळ्यांपासून जितका लांब मिळेल तितका. एखाद्या नातेवाइकाचं रान, जिथे आजूबाजूला ऊस किंवा गहूच आहे, चालेल. लहान तुकड्यात परक्या परागाचं प्रमाण वाढतं हे लक्षात ठेवा. म्हणून तुकडा लांबट न करता चौकोनी ठेवा, आणि बाहेरच्या चार-पाच ओळींचं उळं वेगळं काढून बियाण्यात मिसळू नका.

एकमत झालंच नाही, तर पाळी लावा: एका वर्षी त्यांचा वाण, पुढच्या वर्षी तुमचा. उळ्याची उगवणशक्ती साध्या पोत्यात वर्षभरात ढासळते हे खरं, पण ६ टक्क्यांपर्यंत ओलावा उतरवून हवाबंद पाकिटात थंड जागी ठेवलं तर दुसरा हंगामही निघतो. वेळ पुढेमागे करून दोन फुलोरे टाळण्याच्या भानगडीत पडू नका. गोंडा आठवडे-आठवडे फुलत असल्याने ते साधत नाही. तुमच्यापैकी एकाचा कांदा पांढरा असेल तर मात्र कुठलीच तडजोड करू नका. लाल शेजारी असलेल्या पांढऱ्याच्या उळ्यातून पुढच्या वर्षी बहुतेक वेळा रंगीत कांदे निघतात आणि सगळा माल बाजारात मार खातो.

चुलत्यांशी बोलायची जागा म्हणजे कांदा साठवायची चाळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चाळ फोडाल तेव्हा त्यांना बोलवा आणि मातृकांदा, म्हणजे बियाण्यासाठी लावायचा कांदा, निवडायला त्यांनाच बसवा. पाच-सहा महिने चाळीत राहून न सडलेला, न कोंब आलेला, एका डोळ्याचा, बारीक मानेचा, ५० ते ८० ग्रॅमचा कांदा हातात घेऊन ओळखण्यात त्यांचा हात तुमच्यापेक्षा तयार असणार. टिकवणक्षमता बघून केलेली ही निवड तुमच्या वाणाचं पुढच्या कित्येक वर्षांचं भलं करेल. शक्य असेल तर ओढ्यापलीकडच्या त्या शेतकऱ्यालाही त्याच दिवशी बोलवा. एक वाण, एक तुकडा, ही गोष्ट तुमच्या तोंडून येण्याऐवजी त्याच्या तोंडून आली तरी तुमचं काहीच बिघडत नाही.

लागण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका. मधमाश्यांच्या पेट्या आणणार असाल तर एकरी दोन पुरतात, पण फुलोरा दहा टक्क्यांच्या आसपास आल्यावरच ठेवा. आधी ठेवल्या तर माश्या दुसरीकडे चरायची सवय लावून घेतात आणि मग परत वळत नाहीत. फुलकिड्यांसाठी जी फवारणी करायची ती फुलोऱ्याआधी. फुलोऱ्यात करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर, माशीला कमीत कमी घातक असं औषध घेऊन, आणि आदल्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्यांना सांगून, कारण पेट्या तुमच्या असल्या तरी माशी त्यांच्याही शेतात जाते. त्यांनाही हाच निरोप द्या, की डेंगळे फुलात असेपर्यंत त्यांची फवारणी तुम्हाला आधी कळावी.